हजारी एकतीस कडू

२८ खोर्दाद

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत शेऱ्यासाठी दीड बोट जागा असते. तेवढ्यात जे मावत नाही ते इथे लिहीन.

आधी स्थिती. दश्तनारच्या बीज प्रयोगशाळेत मला नऊ महिने झाले. करार ३१ शहरीवरला, म्हणजे अजून तीन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्या दिवशी संचालकांनी सही केली तर मी कायम. नाही केली तर कराजला भावाच्या घरी परत. तिथे वहिनीने एक दंतवैद्य पाहून ठेवला आहे. दंतवैद्याविरुद्ध माझे काही नाही. त्याने मला न पाहताच होकार दिला आहे, आणि नमुना न उघडता दिलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

काम: गव्हाच्या बियाण्यात मिसळलेले तणाचे बी शोधणे. इथले मुख्य तण खाकशीर. मोहरीच्या कुळातले, कंबरभर उंच, बारीक पिवळ्या फुलांचे. आमच्या जिन्यात त्याचे मोठे रंगीत चित्र आहे: ‘खाकशीर, गव्हाचा शत्रू’. त्या चित्राखाली स्टूल टाकून शिपाई मश्दी सफर उन्हाळाभर खाकशीराचे सरबत पितो, साखर, गुलाबपाणी आणि बर्फ घालून. गावात सगळेच पितात. ही विसंगती आहे असे मी आल्या आल्या म्हणाले होते. मश्दी म्हणाला, शत्रूला गिळण्यात विसंगती कसली.

आज संचालक पाशायी यांनी बोलावले. ‘दश्तनारचे खाकशीर’ हे नाव देशाच्या नामांकित वस्तूंच्या यादीत घालायचे ठरले आहे. त्यासाठी तेहरानला प्रयोगशाळेचा दाखला हवा. गोड खाकशीर आणि कडू खाकशीर ही दोन वेगळी झाडे; दोन्हींचे बी सुटे सुटे ओळखणारी जिल्ह्यात मी एकटीच आहे. त्यांनी माझा करार कधी संपतो हे विचारले. या आठवड्यात तिसऱ्यांदा. विसरभोळे आहेत, पण कर्मचाऱ्यांची चौकशी करतात. चांगले लक्षण आहे.

३० खोर्दाद

जिन्यातले चित्र उलटे करून लावले. कोऱ्या बाजूवर आता सरबताचा पेला रंगवला आहे. खिळा तोच ठेवला.

४ तीर

नमुने आले. बाजारात सात अत्तार आहेत; वाळलेली फुले, मुळ्या, साली आणि बिया विकणारी सात जुनी दुकाने. प्रत्येकाकडून एक पिशवी. पाशायींनी स्वतः हिंडून घेतल्या, स्वतः मोहोर लावली, वर फक्त आकडे घातले. कोणती पिशवी कोणाची हे मला माहीत नाही. माहीत नसणे हीच माझी पात्रता आहे.

घरी आल्यावर गौहर खालाने विचारले, “सातही आले का गं?” मी म्हणाले, कार्यालयाच्या गोष्टी मी घरी बोलत नाही. ती बरं म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. गौहर खाला माझी घरमालकीण. मावशी म्हणायची पद्धत म्हणून खाला, नाते काही नाही. अंगणापलीकडची वरची खोली माझी. ती दिवसभर खाकशीर धुते: या वाडग्यातून त्या वाडग्यात पाण्यासकट ओतायचे, बी वर तरंगते, वाळू तळाशी राहते, असे पंधरा-वीस वेळा. मग निळ्या फडक्यातून गाळून उन्हात पसरते. इथे घरोघर हेच चालते. दुपारी तिच्याकडे झाकणाची भांडी घेऊन पुरुषमाणसे येतात आणि लगबगीने जातात. मी चौकशी करत नाही. शांततेसाठी खोली घेतली आहे.

६ तीर

पद्धत ठरवली. इथे लिहून ठेवते, कारण अहवालात ती कोणी वाचणार नाही.

दोन्ही बिया मिलिमीटरभर लांब. दोन्हींच्या पाठीवर एक पन्हळ. दोन्ही पाण्यात टाकल्या की सब्जासारख्या बुळबुळीत होतात. म्हणून गावकरी चवीवर ओळखतात, आणि चव हा पुरावा नव्हे. भिंगाखाली मात्र फरक पडतो. गोडाचा रंग तांबूस नारिंगी, आणि सालीवर ओळीने विणल्यासारखी बारीक जाळी. कडूचा रंग पिवळट तपकिरी, साल जवळपास गुळगुळीत. एकट्या रंगावर जाऊ नये. कच्चे गोड बीही पिवळट असते. जाळी दिसेपर्यंत थांबावे.

प्रत्येक पिशवीतून चार हजार दाणे. अर्धा ग्रॅमही होत नाहीत. पांढरी ताटली, चिमटा, भिंग. दिवसाला एक पिशवी.

मश्दीने दारातून पाहिले आणि म्हणाला की माझ्या वयाच्या मुली वेगळे काहीतरी मोजतात. काय, ते मी विचारले नाही.

१४ तीर

सातही झाले. कडूचे प्रमाण, शेकडा: ३.१, ३.०, ३.१, ३.२, ३.१, ३.१, ३.०.

सात दुकाने, सात गोण्या, वेगवेगळी शेते. असे होऊच शकत नाही. शिवाय सातही पिशव्यांत निळ्या सुताचे तंतू. एकूण एकोणीस.

निष्कर्ष: सातही नमुने एकाच ठिकाणचे. फसवणूक आहे. कोणी केली? पाशायींनी एकाच गोणीतून सात पिशव्या भरल्या असत्या तर? पण मोहोर त्यांनी स्वतः लावली आहे, तेव्हा ते शक्य नाही.

जेवण गेले नाही. खालाने भाताच्या तळाची खरपूस खरवड माझ्यापुढे सरकवली आणि काय झाले ते विचारले. मी सांगितले नाही. तिचे निळे फडके कोपऱ्यात विरले आहे, शिवत बसली होती. नवीन घ्या म्हटले. म्हणाली, वीस वर्षांचे आहे, हात बसलाय.

१७ तीर

पाशायींना न सांगता बाजारात गेले. अत्तारांचे पुढारी आगा यदुल्ला. वय सत्तरच्या पुढे, भुवया रंगवलेल्या. बसा म्हणाले, मी नको म्हणाले. चहा घ्या म्हणाले, मी नको म्हणाले. पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नको म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा बसले आणि चहा घेतला. याशिवाय इथे प्रश्न विचारता येत नाही.

मी विचारले, पिशवीत दिलेले बी तुमच्या दुकानातले होते का? त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले.

“इंजिनिअर खानम, पाहुणा दारात आला तर तुम्ही त्याला पातेल्याच्या तळाचं वाढता का? सरकार माझ्या दुकानी आजवर न्यायला आलं. मागायला पहिल्यांदाच आलं. त्याला काय गोणीतलं देऊ? माणूस पाठवला आणि चांगलं मागवलं.”

“कुठून?”

“चांगलं जिथं मिळतं तिथून.” मग माझ्याकडे वाकून म्हणाले, “पण हे बाकीच्या सहांच्या कानावर जाऊ देऊ नका. ते बिचारे आपापलंच देऊन बसले असतील.”

२० तीर

उरलेले सहा तीन दिवसांत संपवले. अठरा नकार, सहा चहा. सहाही जणांनी हेच सांगितले, जवळपास याच शब्दांत. सरकारच्या हातात आपला रोजचा माल देणे त्यांना अपमानाचे वाटले. सरकारचा अपमान, त्यांचा नव्हे. आणि सहाही जणांनी मला शपथ घातली की बाकीच्यांना सांगू नका. सातांपैकी प्रत्येकाला वाटते, लबाडी आपण एकट्यानेच केली, आणि तिचे नाव आदरातिथ्य.

नमुना मागितला, पाहुणचार मिळाला. हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

सहावा अत्तार तरुण आहे. कुठून आणले हे मी त्यालाही विचारले, तेव्हा तो हसायला लागला.

“खानम, थट्टा करता का? तुम्ही तिथंच तर झोपता.”

त्याच दिवशी, संध्याकाळी

गौहर खाला अंगणात बसली होती. मी फडक्याचा कोपरा मागितला. खिशातले भिंग लावून पाहिले. सूत जुळते.

मी म्हणाले, मला का सांगितले नाही?

“विचारलंस कधी?” ती बी पसरतच राहिली. “नऊ महिने माझ्या अंगणातनं जातेस, पोरी. सलाम करतेस, भाडं वेळेवर देतेस. भिंगाखाली मावले असते तर दिसले असते तुला.”

मी भिंग खिशात ठेवले. मग कडूबद्दल विचारले: तीन टक्के राहतात, ते निवडता येत नाहीत का? तिला मी शिवी दिल्यासारखे वाटले असावे. ती कडूची झाडे मळणीआधीच वेगळी काढते आणि मग त्यांचे बी मापून परत घालते. नुसते गोड म्हणजे लहान मुलांचे साखरपाणी. उष्मा उतरत नाही. तिची आई घालायची. किती घालायचे, विचारले. हाताला कळते, म्हणाली.

नोंद: हाताला ३.१ कळते. फरक जास्तीत जास्त ०.१. आमचा वजनकाटा यापेक्षा वाईट आहे.

२५ तीर

अहवाल दिला. मुख्य वाक्य: ‘सातही नमुने एकाच ठिकाणचे असून सात स्वतंत्र उत्पादकांचा दावा टिकत नाही. कडू बियांची भेसळ ३.१ टक्के.’ खालाचे नाव घातले नाही. ते विचारलेले नव्हते.

करार जाईल असे समजूनच दिला. पाशायींनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितले. चहाही मागवला. दुपारी अहवाल टंकून परत आला. त्यात माझे वाक्य असे झाले होते: ‘सातही नमुन्यांतील थक्क करणारी एकरूपता ही दश्तनारच्या परंपरेची साक्ष आहे. हजारी एकतीस कडू हे दश्तनारच्या खाकशीराचे अस्सल प्रमाण होय.’ आकडे सगळे माझेच. एकही बदललेला नाही. त्यामुळे आक्षेप नेमका कशाला घ्यावा ते ठरवता आले नाही.

आता हे प्रमाण कायम. शहरीवरमध्ये तेहरानला पडताळणीचा नमुना पाठवायचा, तो जुळला की यादीत नाव.

त्यांच्या टेबलावर सहीसाठी दोन कागद होते. एकात बांधावरचे खाकशीर जतन करा, असा आदेश. दुसऱ्यात बांधावर खाकशीरनाशक फवारा, असा. दोन्हींवर सही झाली. शाई वाळायला दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते.

९ मोर्दाद

खाकशीर उत्सव. मैदानात मंडप. सातही अत्तारांना शाली मिळाल्या. तेहरानहून आलेल्या वक्त्याने सांगितले की हजारी एकतीस हे प्रमाण सफावी बादशहांच्या काळापासून चालत आले आहे. मी ते १४ तीरला दुपारी काढले होते.

सरबताचे बी गौहर खालाकडचे होते. सातांनी वेगवेगळे येऊन नेले. खालाला निमंत्रण नव्हते. ती मागे बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि एक पेला प्यायली. कसे झाले, मी विचारले. गुलाबपाणी स्वस्तातले आहे, म्हणाली.

११ शहरीवर

पडताळणीचा नमुना ‘पारंपरिक उत्पादकाकडून’ घ्यायचा, असे तेहरानने कळवले आहे. पाशायींनी मश्दीला सांगितले, मश्दीने खालाला. सातही अत्तारांना पाशायींनी आधी विचारले होते. मान सात जणांत कसा वाटायचा यावर भांडण झाले, शेवटी सातही जण तिच्या दाराकडे बोट दाखवून मोकळे झाले.

खाला आठ दिवस झाले सकाळपासून ओसरीवर वाकून काहीतरी निवडते आहे. भेटायला येणाऱ्यांना परत पाठवते. डोळे लाल झाले आहेत. मी डोळ्यांचे थेंब आणून दिले. कसले काम एवढे, विचारले. उन्हाळ्याची कामे, म्हणाली.

१९ शहरीवर

नमुना आला. पांढऱ्या रेशमी कापडात बांधलेला, वर गुलाबाची वाळलेली कळी. कळी वेगळी नोंदवली. चार हजार दाणे मोजले.

कडू: शून्य.

विश्वास बसला नाही. दुसरे चार हजार घेतले. शून्य. वाळू नाही, तंतू नाही, अर्धवट भरलेला दाणासुद्धा नाही. इतका स्वच्छ नमुना मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि प्रमाणानुसार हे दश्तनारचे खाकशीर नाही.

पाशायींना सांगितले. त्यांनी उठून खिडकी लावली.

“नमुना नीट ढवळला होता का? कडू तळाशी बसतं.”

मी म्हणाले, तळाशी काहीही बसलेले नाही.

“मग बसवा. मला ३१ तारखेला दोन सह्या करायच्या आहेत, खानम. एक तुमच्या दाखल्यावर, एक तुमच्या नेमणुकीवर. मी पेन एकदाच उघडतो.”

आज प्रथमच वाटले की ते विसरभोळे नाहीत.

२० शहरीवर

खालाला विचारले. तिने आधी टाळले. मग कळले ते असे: मश्दीने माझा पहिला अहवाल वाचला होता, टंकायला तोच घेऊन गेला होता. त्याने तिला सांगितले की तुझ्या बियाण्यात भेसळ आहे असे पोरीने लिहिले आहे, आणि आता या नमुन्यात कचरा निघाला तर पोरीची नोकरी जाईल. यंदाच्या बियात कडू आधीच घालून झाले होते, म्हणून ती पंधरा दिवस एकेक कडू दाणा परत वेचत होती. भिंग नाही. चिमटाही नाही. हाताची नखे आणि दुपारचे ऊन.

“तेहरानात माझ्यामुळे तुझी मान खाली जायला नको,” ती म्हणाली. “तुला कराजला पाठवतील ना नाही तर. त्या दातवाल्याकडे.”

दंतवैद्याबद्दल मी तिला कधी बोललेले नाही. वहिनीचे फोन ती अंगणात ऐकत असणार.

मी तिला प्रमाण समजावून सांगितले. हजारी एकतीस. आता कमी चालत नाही, जास्तही नाही. शुद्ध असले तर अस्सल नाही. तिने दोनदा विचारले, कळल्यावर हसू लागली. हसता हसता तिला ओसरीच्या खांबाला धरून बसावे लागले. मग हसू थांबले, आणि तिने डोळ्यांचे थेंब मागितले.

२४ शहरीवर, रजा

नऊ महिने आणि नंतरचे तीन, मिळून बारा महिन्यांत मी एकाही नमुन्यात काही घातले नाही, त्यातून काही काढले नाही. नमुना प्रयोगशाळेबाहेर नेणे हा नियम नऊचा भंग आहे. कुपी पर्समध्ये घालून काल घरी आणली. तेहरानला चार हजार दाण्यांची कुपी जाते. तेवढीच तपासली जाते.

न घालण्याचाही विचार केला. अहवालात शून्य लिहायचे, करार संपू द्यायचा. तसे केले तर खालाचे बी अस्सल नाही, असा माझ्याच सहीचा कागद गावात लागेल. घातले तर तिचे पंधरा दिवस मीच बुडवायचे. दोन्ही रकाने शेजारी लिहून पाहिले. बेरीज होत नाही. दुसऱ्या रकान्यात माझी नेमणूकही आहे. तिला वजन किती द्यायचे हे ठरवताना माझा काटा सरळ राहतो असे मला वाटत नाही.

सकाळी ओसरीवर पांढरी ताटली ठेवली. खालाने वेचलेले कडू बी एका बशीत राखून ठेवले होते, चिमण्यांसाठी. बशी माझ्याकडे सरकवून म्हणाली, “घे. तुझे कैदी.”

आधी एकशे चोवीस गोड दाणे काढले, म्हणजे एकूण चार हजारच राहतील. ते खालाने तळहातावर घेऊन पाण्याच्या पेल्यात टाकले आणि पिऊन टाकले. सरकारचे उष्टे, म्हणाली. मग मी चिमट्याने एकेक कडू दाणा उचलायचा, भिंगाखाली साल पाहायची, कुपीत सोडायचा. ती शेजारी बसून शंभर मण्यांची जपमाळ ओढत होती. मला वाटले, जप चालला आहे.

मी म्हणाले, तुम्ही हातानेच घाला ना, तुमचे प्रमाण चुकत नाही. ती म्हणाली, “माझ्या हातानं घातलं तर ते सरबत होईल. तू घाल, म्हणजे दाखला होईल.”

एकशे चोवीस झाले. बूच उचलले.

“एक जास्त पडला,” खाला म्हणाली.

मी म्हणाले, माझी मोजणी चुकत नाही. तिने जपमाळ पुढे केली. एक पूर्ण फेरी, आणि वर पंचवीस मणी. प्रत्येक दाण्याला तिने एक मणी ओढला होता.

मी कुपी ताटलीत उलटी केली आणि पुन्हा मोजले. दीड तास लागला. एकशे पंचवीस. दाणे परत कुपीत भरले. खाला मी चिमटा कधी उचलते याची वाट पाहत होती. मी बूच लावले.

ती उठून स्वयंपाकाला गेली. दुपारच्या भाताची खरवड सगळी मला वाढली, आणि मी तीनदा नको म्हणायच्या आधीच घेतली.

३१ शहरीवर

दोन्ही सह्या झाल्या. पेन एकदाच उघडले.

तेहरानचा शेरा दाखल्याला जोडला आहे: ‘कुपीतील सर्व दाणे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष मोजले. कडू दाणे एकशे चोवीस. प्रमाण अचूक.’

मी कायम झाले.